चक्कीच्या भिंतीवरचं पा. स.

जिल्ह्याच्या दप्तरखान्यातली एकुलती एक खिडकी रंगाचे थर बसून कायमची चिकटली होती, आणि तिच्याखालच्या टेबलाशी टायपिस्टबाई बसायची. वय एकतीस, घरी दहा महिन्यांची लेक आणि समोर एकशे बारा ऐतिहासिक स्थळांची यादी. जिल्हा तो काय, तीन नद्या, चाळीसेक गावं आणि उरलेलं सगळं शेत. पण इतिहासाच्या बाबतीत कुणाला हार जाणारा नव्हता. अकरा नंबरला हद्दीचा दगड होता, त्याच्यावरून आणि एका बकरीपायी दोन गावांनी दोन पिढ्या अबोला धरला होता. तेवीस नंबरला होडीचा धक्का. नदीनं पात्र बदललं, तेव्हापासून तो पाण्यापासून अर्ध्या कोसावर, कोरड्या शेतात, ऐटीत उभा. टायपिस्टबाईला ही यादी आवडायची. लेकीला थोपटताना अंगाईऐवजी ती हीच म्हणायची.

त्या मंगळवारी एक्केचाळीस नंबरवर तिची बोटं थांबली.

‘चक्कीच्या भिंतीवरील पूररेषा आणि पा. स., अर्थात पाण्याची सीमा, ही अक्षरे. मोठ्या पुरानंतर एका अडाणी पाथरवटाने कोरली. पाणी दरवाजाच्या चौकटीपर्यंत आल्याचे सर्व वृद्ध सांगत. रेषा मात्र त्याहून दोन हात वर आहे. लोकांच्या अतिशयोक्तीचा नमुना म्हणून नोंद घ्यावी.’

अक्षर मास्तरांचं होतं. सुबक, उभट, एकेक वेलांटी रांगोळीसारखी. गावच्या शाळेतून निवृत्त होऊन मास्तरांना वीस वर्षं झाली होती, पण त्यांना कुणी माजी म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. यादी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष. समितीत आणखी दोघं होते, त्यांचं काम मान डोलवायचं.

आणि तो अडाणी पाथरवट तिचा पणजोबा.

तिनं कागद मशीनमध्ये तसाच ठेवला आणि पाणी प्यायला उठली.

या एका रेघेनं त्यांच्या घराला नाव दिलं होतं. पासवाले. पणजोबा वारला तेव्हा ‘पा. स.’ म्हणजे काय ते सांगायला कुणी उरलं नाही. मग शहाण्यांनी ‘पाण्याची सीमा’ असा अर्थ लावला आणि रिकामटेकड्यांनी ‘पार सटकलेला’. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? आजोबा पासवाले झाले, बाबा पासवाले झाले. घरातलं कुणी म्हणालं, ‘केवढं ऊन आहे आज,’ की बाहेरचा लगेच विचारायचा, ‘नक्की ना? का दोन हात वर?’ ती स्वतः तिसरीत असताना मास्तरांनी वर्गात विचारलं होतं, “चक्कीवरची अक्षरं कोण सांगेल?” मागच्या बाकावरून आवाज आला, “पार सटकलेला, गुरुजी!” वर्ग हशानं फुटला. मास्तरांनी ओरडणाऱ्याला बाकावर उभं केलं, पण त्याआधी तोंडावर हात ठेवून ते स्वतः हसले होते. तिनं ते पाहिलं होतं. त्यानंतर मास्तरांनी तिला शुद्धलेखनात दहापैकी दहा किती वेळा दिले असतील, पण ते हसणं काही पुसलं गेलं नाही.

तरी आजवर हे सगळं बोलण्यातलं होतं. बोलणं वाऱ्यावर जातं. आता ते छापलं जाणार होतं, जिल्ह्याच्या शिक्क्यानिशी. ‘अडाणी’ आणि ‘अतिशयोक्ती’ हे शब्द कायमचे दगडाला चिकटणार होते, आणि ते टाइप कोण करणार, तर त्याच्याच रक्ताची पणती. शुक्रवारी समिती गावात येऊन शेवटची पाहणी करणार होती. शनिवारी यादी छापखान्यात.

संध्याकाळी ती लेकीला घ्यायला माहेरी गेली. नवरा आठवडाभर कामावर दुसऱ्या गावी असायचा, त्यामुळे माहेर हेच पाळणाघर. बाबा अंगणात बसून फावड्याचा दांडा घासत होते. चाळीस वर्षं गवंडीकाम करून हात असे झाले होते की नातीच्या गालाला लावताना ते उलटे करून, बोटांच्या मागच्या बाजूनं लावायचे.

“बाबा, चक्कीवरच्या रेघेचं काही माहीत आहे तुम्हाला? आजोबा काही बोलायचे?”

बाबांचा हात थांबला. “काय बोलायचंय त्यात? माणूस होता, चुकला. मोठं पाणी बघितलं, डोळे फाटले, दोन हात जास्त कोरलं. एवढंच.”

“तुम्ही कधी जवळ जाऊन बघितलीय?”

“मला तिकडं काम नसतं.”

हे मात्र गावाला माहीत होतं. बाजारात जायला चक्कीवरून सरळ रस्ता; बाबा जन्मभर वळसा घालून मागच्या बोळानं गेले. चक्कीचं छप्पर बदलायचं काम त्यांनी तीनदा नाकारलं होतं. चक्कीवाला आईला म्हणाला होता, “वहिनी, तुमच्या यजमानांना माझं पीठ चालतं, भिंत चालत नाही.”

बुधवारी लेकीला लस टोचायची होती. दवाखाना चढावर, पूर्वी वाटसरूंचं मुक्कामघर होतं तिथे. दगडी जोतं, त्यावर लांब ओसरी, ओसरीत बाकं आणि बाकांवर रडणारी, रडून झालेली आणि रडायच्या बेतात असलेली पोरं. त्यांचा नंबर सव्विसावा. लेक मांडीवर टिकेना, म्हणून ती तिला घेऊन पायऱ्यांशी अंगणात उतरली आणि खाली सोडलं. लेक रांगत जोत्यापाशी गेली, तिथे बसली आणि एकाएकी अगदी शांत झाली.

हे लक्षण वाईट. रांगणारं पोर शांत झालं की ते काहीतरी खात असतं. ती धावत गेली. लेक काही खात नव्हती. जोत्याच्या दगडात एक खोबण होती आणि लेक तिच्यात तर्जनी घालून ती डावीकडून उजवीकडे फिरवत होती, मोठ्या माणसासारखी, कपाळाला आठ्या घालून.

चुन्याच्या थरांखाली खोबण बुजत आली होती. तिनं केसातली पिन काढून जरा खरवडली. सरळ रेघ, हातभर लांब. वर फरशीपर्यंत बरोबर एक वीत अंतर. रेघेच्या टोकाशी चुना खरवडला तर आधी एक काना निघाला. मग ‘पा’. मग टिंब. मग ‘स’.

“सव्वीस नंबर!” आतून नर्सनं हाक मारली. “अहो सव्वीस! सुई गार होतेय!”

सुई टोचल्यावर लेकीनं आकाशपाताळ एक केलं, पण आईचं लक्ष धड तिच्याकडेही नव्हतं. तिच्या डोक्यात यादीतला सतरा नंबर फिरत होता. तो तिनंच टाइप केला होता, मागच्या आठवड्यात: ‘वाटसरूंचे मुक्कामघर, सध्या दवाखाना. मोठ्या पुरानंतर अकरा वर्षांनी बांधले.’

पुरानंतर अकरा वर्षांनी! जे घर उभंच नव्हतं ते भिजेल कसं? मग त्याच्या जोत्यावर पाण्याची सीमा कोरायला पणजोबा काय खरंच सटकला होता?

माहेरी पोचेपर्यंत वारं सुटलं होतं. आई दोरीवरचे कपडे भराभर ओढत होती. नातीला उजव्या कडेवर घेऊन तिनं डाव्या हातानं चिमट्यांची मूठ टायपिस्टबाईपुढे केली.

“धर. टाक त्या पाणसळीत. आणि टाचेनं दार लोट, सगळी धूळ आत येतेय.”

दाराशी ते लाकडी खोकं होतं, जन्मापासून पाहिलेलं. हातभर लांब, अरुंद, मधोमध पन्हळीसारखी खाच, एक कोपरा उडालेला. त्यात चिमटे असायचे. तिच्या लहानपणी तिनं त्यात बाहुली निजवली होती. त्याला पाणसळ म्हणायचे, जसं परातीला परात म्हणतात. का म्हणायचे, हे कुणी विचारलं नव्हतं.

चिमटे तिच्या मुठीतच राहिले. “आई, याला पाणसळ का म्हणतो गं आपण?”

“मला काय विचारतेस? मी या घरात आले तेव्हापासून तेच नाव आहे. तुझ्या आजीनं सांगितलं, पाणसळीत चिमटे ठेव. मी ठेवले.”

“बाबा!” ती इतक्या जोरात ओरडली की लेक पुन्हा रडायला लागली. “बाबा, पाणसळ म्हणजे काय?”

बाबा आतून आले. “हे काय, लेव्हल. जुन्या माणसांची लेव्हल. त्या खाचेत पाणी भरायचं आणि दगडावर ठेवायचं. पाणी दोन्ही टोकांना सारखं भरलं की दगड सपाट बसला. आम्ही बुडबुड्याची काचेची वापरतो, आम्ही लेव्हलच म्हणतो. माझे आजोबा म्हणायचे पाणस...”

शब्द तोंडातच अडकला. बाबा खोक्याकडे बघत राहिले. मग हळूच, पहिलीतलं पोर अक्षर लावतं तसं, म्हणाले, “पा. स.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शंभर वर्षं गाव त्या दोन अक्षरांचा अर्थ शोधत होतं आणि घरात त्याच शब्दात चिमटे ठेवलेले होते.

तिनं दवाखान्यातली रेघ सांगितली, फरशीपर्यंतची वीत सांगितली, अकरा वर्षं सांगितली. बाबा उंबऱ्यावरच बसले. बराच वेळ बोटानं हवेत काहीतरी मोजत होते.

“म्हणजे बघ,” ते म्हणाले, “चक्कीतला धान्याचा माळा. तुळया त्या रेघेच्या वर वीतभरावर सुरू होतात, बाहेरून दिसतं ते. मी लहान असताना वाटायचं, इतक्या उंचावर माळा कशाला केला, पोती चढवताना माणसं मरतात. पोरी, त्यानं पाणी कुठवर आलं ते कोरलंच नाही. पाणी आलं चौकटीपर्यंत, ते खरंच. त्यानं त्याच्यावर दोन हात धरले आणि गावाला सांगितलं, या रेघेच्या खाली कुणी फरशी घालायची नाही. प्रत्येक नव्या घराला तीच रेघ नेली असणार. उतारावर डोक्याच्या वर, म्हणून तिथं लोक माळ्यावर राहतात; चढावर गुडघ्याला. रेघ एकच.”

गावात एक म्हण होती: पाणी गल्लीत येतं, घरात येत नाही. बाबांच्या लहानपणी एकदा पूर आला होता, ती शाळेत असताना एकदा. दोन्ही वेळा गल्लीतून बादल्या वाहत गेल्या, घरात चूल पेटती राहिली. लोक म्हणायचे, नदी आपल्या गावाला मानते.

“बाबा, शुक्रवारी मास्तर येतायत. त्यांना दाखवू.”

बाबांचा चेहरा एकदम मिटला. “आणि नाही जुळलं तर? दोन बोटं इकडं तिकडं झालं तर? आजवर एक पिढी सटकलेली होती, मग चार होतील. तू दप्तरखान्यात जातेस, मला याच गल्लीत राहायचंय.”

“मग आधी आपणच गुपचूप मोजून बघू. उद्या पहाटे.”

“अजिबात नाही,” बाबा म्हणाले, आणि आता आवाजात गवंडी बोलत होता. “लपून मोजलं तर लोक म्हणतील लपून रेघ ओढली. मोजायचं तर मास्तरांच्या नाकासमोर, नाहीतर मोजायचंच नाही.”

आई चिमटे उचलत होती. ती म्हणाली, “मग मोजाच की एकदाचं. चाळीस वर्षं तुम्ही त्या बोळानं जाता, माझ्या चपला झिजल्या.”

 गुरुवारी बाबांनी मागच्या खोलीतून पाण्याची नळी काढली, पारदर्शक, वीस हात लांब, बांधकामावर जोती जुळवायला वापरायचे ती. धुतली. उन्हात धरून आरपार पाहिली. पुन्हा धुतली.

शुक्रवारी दहा वाजता मास्तर चक्कीसमोर उभे होते, हातात यादी, मागे दोन माना. टायपिस्टबाई लेकीला कडेवर घेऊन पुढे झाली.

“गुरुजी, एक्केचाळीस नंबर छापायला जाण्याआधी बाबांना काही दाखवायचंय.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाळ, तुझ्या भावना मी समजू शकतो. पण इतिहासाला पणजोबा नसतो.”

“पण पणजोबाला इतिहास असतो, गुरुजी. अर्धा तास द्या.”

मागच्या दोन्ही माना डोलल्या. कुणाच्या बाजूनं, ते त्यांनाही कळलं नसावं.

मग बाबा बोळाच्या तोंडातून बाहेर आले. खांद्यावर नळीचं वेटोळं. चक्कीवाला दारात आला, पिठानं पांढरा. “अरे वा, पासवाले! आज सूर्य कुठून उगवला? नक्की आलात, का दोन हात मागे आहात?”

चार लोक हसले. बाबांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या रेघेकडे नीट पाहिलं. खालून वर, मग रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांचे ओठ जरासे हलले. मागून तिला शब्द ऐकू आले, “छिन्नी बघ काय चालवलीय.”

“शिडी द्या,” ते चक्कीवाल्याला म्हणाले.

तिनं लेक आईकडे दिली आणि शिडीवर चढली. नळीचं एक टोक तिनं रेघेशी धरलं, दुसरं टोक घेऊन बाबा चढाच्या दिशेनं गेले. नळीत पाणी. पाण्याचं काम सोपं असतं. दोन्ही टोकांना ते एकाच पातळीवर उभं राहतं, मधे नळी कशीही लोळो. जिथे नळी संपली तिथे बाबांनी खडूनं भिंतीवर खूण केली. मग ती शिडीवरून उतरून त्या खुणेशी, आणि बाबा आणखी पुढे. रेघ गल्लीतून अशी चालू लागली. रस्ता चढत होता, म्हणून खडूची खूण प्रत्येक घराला थोडी खाली. डोक्याशी, मग खांद्याशी, मग छातीशी. मागे लोक जमत गेले. कुणी विचारलं, “काय नळ येतोय का?” कुणी म्हणालं, “पासवाले गाव मोजतायत.”

पोस्टाच्या उंच जोत्याच्या भिंतीपाशी बाबा थांबले. भिंतीवर सूचनांचा फळा होता. पोस्ट पुरानंतरचं, यादीत तिसावं.

“फळा काढावा लागेल,” बाबा म्हणाले. “रेघ याच्यामागे असणार.”

पोस्टमास्तरीणबाई खिडकीतून म्हणाली, “तो सरकारी फळा आहे, असा काढता येत नाही.”

“परत लावून देतो. आता वाकडा आहे, मी लावला की सरळ लागेल.”

लोक हसले, पण या वेळी हसणं बाबांच्या बाजूचं होतं. फळा निघाला. मागे जळमटं, वाळलेली पाल, आणि रेघ. टोकाला स्वच्छ, कालच कोरल्यासारखं: पा. स.

गल्लीतून एक ‘आँ’ निघाला. मास्तर पुढे झाले, चष्मा पुसला, वाकून पाहिलं. मग हळू पण स्पष्ट म्हणाले, “रेघ आहे, मान्य. पण तुमच्या खुणेच्या ती बोटभर वर आहे.”

खरंच होतं. बाबांची खडूची खूण खाली होती, कोरलेली रेघ बोटभर वर. गर्दीत कुणीतरी खुसखुसलं, “बोटभर का होईना, वरच!”  तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. ते नळी पाहत होते, हातात सरकवत, इंच इंच, जसं कुणी आजाऱ्याची नाडी बघावी.

“माझे आजोबा चुकणार नाहीत,” ते म्हणाले. “चूक माझ्याकडे आहे.”

चाळीस वर्षं हा माणूस ‘माणूस होता, चुकला’ म्हणत आला होता. तिनं नळीचं आपलं टोक घट्ट धरलं.

मधोमध, जिथे नळी गटाराच्या कडेवरून वाकली होती, तिथे हरभऱ्याएवढा बुडबुडा अडकला होता. बाबांनी नळी उचलून टिचकी मारली. बुडबुडा हलला नाही. आणखी एक टिचकी. तो सुटला, डुलत डुलत टोकाशी आला आणि फुटला. नळीतलं पाणी वर सरकलं आणि थांबलं. बरोबर रेघेवर. वर नाही, खाली नाही.

“आत हवा राहिली की नळी खोटं बोलते,” बाबा मास्तरांना म्हणाले. “माणसाचंही तसंच.”

 दवाखान्याशी नळी पोचली तेव्हा खूण गुडघ्याला होती आणि लेकीनं शोधलेल्या रेघेत खडू अलगद बसला. टायपिस्टबाईनं फक्त एवढंच विचारलं, “गुरुजी, सतरा नंबर. मुक्कामघर कधी बांधलं?”

“पुरानंतर अकरा वर्षांनी,” मास्तर म्हणाले. ते त्यांनीच शोधून काढलं होतं, जुने कागद चाळून. “तेव्हा पाणी कुठलं...” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि बाबांकडे वळले. या वेळी त्यांनी स्वतः विद्यार्थी होऊन विचारलं, “पा. स. म्हणजे काय?”

“पाणसळ,” बाबा म्हणाले.

“पाणसळ,” मास्तरांनी तो शब्द जिभेवर घोळवला. “पाणसळ. अरे, हा शब्द माझे वडील वापरायचे. मला सुचायला हवा होता.” मग एकदम ते वळले आणि चालू लागले. वय ऐंशीच्या घरात, पण पावलं अशी पडत होती की दोन्ही मानांना धावावं लागलं. दवाखान्यापलीकडे चौथं घर मास्तरांचं. पायरीच्या बाजूला जोत्याशी कुंड्या मांडल्या होत्या. मास्तरांनी कुणाला हात लावू दिला नाही. एकेक कुंडी त्यांनी स्वतः बाजूला केली. पाचव्या कुंडीमागे हिरव्या शेवाळाखाली ती होती. फरशीच्या खाली, वीतभरावर.

बाबा नळी घेऊन पुढे झाले. मास्तर म्हणाले, “राहू द्या. दिसतंय.” मग तिथेच पायरीवर बसले.

“दोन पूर बघितले मी या घरात,” ते म्हणाले. “दुसऱ्या पुरात आत बसून गावाच्या इतिहासाची टिपणं लिहीत होतो. बाहेर पायरी बुडाली होती. त्याच टिपणांत मी त्याला अडाणी म्हटलं.” त्यांनी मान वर केली. “बाळ, तू तिसरीत होतीस. कुणीतरी वर्गात ओरडलं होतं. मी हसलो होतो.”

“तुम्हाला आठवतंय, गुरुजी?”

“तू पाहिलंस, ते मी पाहिलं होतं.”

 दहापैकी दहाचा हिशेब तिला आज लागला. आईच्या कडेवरून लेक खाली झेपावत होती, तिला घ्यायला तिनं हात पुढे केले.

मास्तरांनी खिशातून लाल शाईचं पेन काढलं आणि एक्केचाळीस नंबरवर आडवी रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टीशिवाय, सरळ. चक्कीवाल्याला राहवलं नाही. “मग आता माझ्या भिंतीचं काय? यादीतून गेली?”

“तुमच्या एकट्याच्या भिंतीचं काय घेऊन बसलात?” मास्तर म्हणाले. “एक्केचाळीसला आता अख्खं गाव येईल. बाळ, मजकूर लिहून घे. शब्द माझे नकोत, तुझ्या वडिलांचे घे.”

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांना बोलायची सवय नव्हती. त्यांनी नळीतलं पाणी मास्तरांच्या कुंडीत ओतलं, वेटोळं केलं, खांद्याला लावलं. चढावरून सगळी गल्ली खाली नदीपर्यंत दिसत होती, आणि घराघरावरच्या खडूच्या खुणा, कुठे गुडघ्याशी तर कुठे डोक्याच्या वर.

“लिही,” ते म्हणाले. “गाव पाणसळीत आहे.”

“आणि?” मास्तरांनी विचारलं.

“आणि कोरणाऱ्याचं नाव. ते मी तिला घरी सांगेन.”

ती शनिवारी सकाळी दप्तरखान्यात जाऊन ते टाइप करणार होती, आणि ‘पाणसळ’ या शब्दापाशी एकदाही खोडणार नव्हती. पण आता जेवायची वेळ झाली होती आणि लेक भुकेनं कावली होती. आई म्हणाली, “चला, बोळानं लवकर पोचू.” बाबांनी ऐकलं नाही. ते गल्लीतून सरळ खाली निघाले होते, चक्कीच्या बाजूनं, भिंतीला जवळ जवळ खांदा लावून.

“ओ पासवाले!” चक्कीवाल्यानं मागून हाक मारली. “माझ्या छपराचं तेवढं बघणार का आता?”

“ओ!” बाबांनी ओ दिली, आणि रेघेखाली थांबून मान वर केली. “बघतो. शिडी तिथंच असू दे.”